दोन काळ्या, एक लाल

आप्पा,

परवा माझी मुलाखत झाली आणि काल कळलं की मला घेतलं. आता मी कॉलेजात कायमची. सात वर्षं दर जूनला नवी ऑर्डर येते की नाही याची वाट बघितली, वर्गात 'मॅडम' आणि ऑफिसात 'त्या तासिकेवरच्या' म्हणून वावरले, ते संपलं. आईनं गल्लीत पेढे वाटले. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. ही बातमी सगळ्यात आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण ते खरं नाही. तुम्हाला सांगायची मला भीती वाटते. म्हणून तर लिहायला बसले.

वडीगोद्रीचं आपलं शेतीपंपाच्या मोटरी भरायचं दुकान. पुढून ट्रक जातात, आत वार्निशचा वास. मी पाच वर्षांची आहे, शाळेत अजून नाव घातलेलं नाही, आणि मांडीवर जळालेल्या मोटरची कॉइल घेऊन बसले आहे. नवी तार भरायच्या आधी जुनीचे वेढे मोजावे लागतात. तुम्ही कॉइल एका बाजूनं कापून द्यायचे, आणि तारेची टोकं एकेक करून बाजूला सारत मी मोजायची, कारण माझी बोटं बारीक. अंक मी असे शिकले. एबीसीडी मोटरवरच्या पाटीवरून शिकले. कुंभार पिंपळगावहून एक बागाईतदार मोटर घेऊन यायचे, ते दरवेळी हसायचे. "काय मिस्तरी, लेकरू आत्तापासूनच कामाला लावलं का?" तुम्ही मान वर न करता म्हणायचे, "कामाला न्हाई, शाळंत घातलंय." "आन मास्तर कोन?" "हे काय, जळून पडलंय तुमच्याम्होरं." मग ते स्वतःच्याच मोटरकडे बघत बसायचे.

त्यांच्याच मोटरवरून तुम्ही मला एकदा बोललात. मी नऊ वर्षांची असेन. मोजता मोजता मध्येच गडबडले, पुन्हा पहिल्यापासून मोजायचा कंटाळा आला, आणि बेचाळीस म्हणून सांगून टाकलं. होते शेहेचाळीस. तुम्ही बेचाळिसाची मोटर भरली, ती तापायला लागली आणि पंधरा दिवसांत परत आली. बागाईतदारांना तुम्ही चूक आपली आहे म्हणालात आणि सगळी तार पुन्हा उपसायला घेतली. ते गेल्यावर मला समोर बसवलंत. "चुकलीस त्याचं काई न्हाई. मी बी चुकतो. पन मोजलं न्हाई आन मोजलं म्हणालीस. हे बिलकुल चालायचं न्हाई आपल्यात." तुम्ही मारलं नाही, आवाजही चढवला नाही. त्यानंतर मी घराचं कुलूप तीनदा ओढून बघू लागले, पेपरात प्रत्येक गणित दोन रीतींनी सोडवू लागले. आजही विद्यार्थ्यांच्या मार्कांची बेरीज मी चारदा करते. सहकारी हसतात.

तुमच्या वह्यांबद्दल मला बोलायचं आहे. वेढे आणि तारेचा गेज, म्हणजे जाडी, तर सगळेच मिस्त्री लिहून ठेवतात. तुम्ही मात्र मोटर उघडल्यावर जे दिसलं तेही लिहायचे, आणि ते कुणी सांगितलं नव्हतं. गाव, विहीर का नदी, कोणत्या महिन्यात जळाली, आणि शेवटी दोन शब्द. 'सगळ्या काळ्या' म्हणजे तिन्ही फेजच्या कॉइली जळाल्या, म्हणजे विजेचा दाब कमी मिळाला किंवा पंप जाम झाला. 'दोन काळ्या, एक लाल' म्हणजे एक फेज गेलेली असतानाच मोटर चालत राहिली, दोघींनी भार ओढला आणि त्या जळाल्या, तिसरीचं तांबं तसंच लाल राहिलं. घनसावंगीकडच्या कोणत्या भागात कोणत्या महिन्यात फेज जाते हे वीज कंपनीला ठाऊक नसेल, ते तुमच्या वह्यांत होतं. बावीस वर्षांचं.

मी पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा तुम्ही त्या वह्या खताच्या रिकाम्या पोत्यात बांधून मला दिल्यात. "लागल्या तर बघ. न्हाई लागल्या तर राहू दे. मला तर तोंडपाठ हायेत." दुकानाच्या पायरीवर उभे राहून वर हेही म्हणालात, "ह्याच्यात माझं कुठं चुकलं असंल तर बराबर काढून सांग मला." मी हो म्हणाले. वह्या संगणकावर चढवायला मला सव्वा वर्ष लागलं आणि तेवढ्यात तुम्ही गेलात. तुमच्या चुका सांगायच्या राहून गेल्या. फार नाहीत. काही ठिकाणी महिना लिहायचा राहिला आहे, आणि एक मोटर दोनदा लिहिली गेली आहे.

माझे गाईड आमच्याच विभागाचे प्रमुख. प्रबंधाचा पहिला मसुदा मी त्यांना दिला, त्यात लिहिलं होतं की ही सगळी नोंद एका मोटर वाइंडिंग करणाऱ्या कारागिरानं ठेवली, आणि ते माझे वडील. सरांनी लाल पेनानं ते वाक्य खोडलं. त्यांना राग आला नव्हता, ते समजावून सांगत होते. "मॅडम, मिस्त्रीच्या वहीचा संदर्भ देतात का कुठं? बाहेरचे तपासणारे हसतील. 'लेखकांनी केलेले क्षेत्र-सर्वेक्षण' असं करा." मी म्हणाले, "पण सर, सर्वेक्षण आपण केलेलं नाही." ते म्हणाले, "तुम्ही वह्या वाचल्या ना? मग तेच सर्वेक्षण. आणि वडिलांचं म्हणाल, तर आभाराचं पान असतंच की. आईवडिलांचे आशीर्वाद. टाका तिथं, सगळेच टाकतात." मी टाकलं. आमच्या ग्रंथालयातल्या कपाटात जेवढे प्रबंध आहेत, त्या सगळ्यांच्या त्या पानावर आईवडील आशीर्वाद देत उभे आहेत. तुम्हीही तिथेच आहात. बावीस वर्षं जळालेल्या मोटरी उघडून बघितल्यात आणि प्रबंधात तुमचं काम काय, तर आशीर्वाद. प्रबंधातून काढलेला लेख तेच वाक्य घेऊन छापून आला, त्यावर सरांचं नाव पहिलं, प्राचार्यांचं दुसरं, माझं तिसरं. प्राचार्यांनी तो अजून वाचलेला नाही. तुमच्या दोन काळ्या एक लालचं तिथं 'प्रकार ब' झालं. ते 'सर्वेक्षण'वालं वाक्य सरांनी सुचवलं, पण टाइप मी केलं. चारदा वाचलं, एकही चूक सापडली नाही.

इंजिनिअरिंगला माझ्यासोबत शिकलेल्या साठ जणांपैकी मोटरला हात लावणारा आज एकही नाही. पुण्यात सॉफ्टवेअर तपासणारे बरेच आहेत, काही अजून स्पर्धा परीक्षा देत आहेत, एकानं जालन्याला मोबाइलचं दुकान टाकलं आणि त्याचं बरं चाललं आहे. माझं तरी काय? आमच्या प्रयोगशाळेतली मोटर तीन वर्षं बंद आहे. मुलं मागच्या वर्षीच्या फायलीतून रीडिंग उतरवतात. गेल्या महिन्यात एकीला मी रागावले, तर ती सरळ म्हणाली, "मॅडम, मोटरच बंद हे, रीडिंग कुठून आणू? तुम्हीच सांगा." मी तिच्या फायलीवर सही केली. दुरुस्तीचा अर्ज तुमच्या मुलीनं पाचदा दिला आहे, आणि तीच मोटर तुमची मुलगी एका दुपारी उघडून भरू शकली असती. भरली नाही. प्राध्यापकांनी असलं करायचं नसतं, असं मला कुणी म्हणालं नव्हतं. मीच ठरवलं.

मुलाखतीला बाहेरून एक विषयतज्ज्ञ आले होते, निवृत्त प्राध्यापक, पांढरे केस, शांत. शेजारी आमचे सर. तज्ज्ञांनी लेख खरोखर वाचला होता, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. ते म्हणाले, "हा प्रकार ब. नुसती कॉइल बघून कारण ओळखायचं. हे कुणाला सुचलं?" सर लगेच म्हणाले, "आमच्या टीमचं फील्डवर्क आहे, सर." तज्ज्ञ माझ्याकडे बघत राहिले. तुमचं नाव घ्यायला मला चार शब्द पुरले असते. मी म्हणाले, "हो सर, गावोगाव फिरलो. मोटरी उघडून बघितल्या." ते खुर्चीत पुढे सरकले. "वा! हाताला काळं लावून घेणारी माणसं राहिली कुठं आता." सरांनी मान डोलावली. मी घाबरले असेन, लाजले असेन असं तुम्हाला वाटेल. मला आनंद झाला, आप्पा. कान गरम झाले इतका.

लेखात दुरुस्ती छापता येते. कसं लिहायचं ते मला माहीत आहे, मजकूरही तयार आहे. पण तो पाठवला तर आधी सर अडकतील, पहिलं नाव त्यांचं आहे, आणि माझी कायम नेमणूक अजून विद्यापीठाकडून मंजूर व्हायची आहे. मंजुरी आली की पाठवीन असं मी स्वतःला सांगते. मग प्रोबेशनची दोन वर्षं असतील. मग बढती.

परवा संध्याकाळी आईनं विचारलं, "तिथं आप्पाचं काई निघालं का गं?" मी निघालं म्हणाले. तिला बरं वाटलं, पुढं काही विचारलं नाही. निघालं होतं, हे खोटं नाही. मी उठून दारापर्यंत गेले होते, तेव्हा तज्ज्ञांनी सहज विचारलं, "घरी कुणी या क्षेत्रातलं? वडील काय करतात?" सर माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "नाही सर, मीच पहिली. वडील शेती करायचे." शेती म्हटलं की आपल्याकडे पुढं कुणी काही विचारत नाही.

आपल्याला शेत कधी नव्हतं.