पाण्याचे दोन रेणू

माय, आज नववीच्या वर्गात मी समीकरणं संतुलित करायला शिकवत होते आणि पहिल्या बाकावरच्या मुलीनं नेमकी तुझीच चूक केली. ऑक्सिजनचा एक अणू उरतोय म्हणून तिनं पाण्याच्या सूत्रातच तो घुसवला. मी रागावले नाही. मला हसूच आलं.

तू आपल्या गावाकडे, गोरेगावला, माझ्याच शाळेत पोषण आहार शिजवायचीस आणि चाळिशीत बाहेरून परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून माझ्यासोबत दहावीला बसलीस. विज्ञानात आधी एकदा नापास झालेली. दुपारी भांडी घासून झाली की आपण दोघी शाळेच्या स्वयंपाकखोलीत बसायचो. ताटात तांदळाचे दाणे म्हणजे हायड्रोजन, वाटाणे म्हणजे ऑक्सिजन. दोन तांदूळ आणि एक वाटाणा, झालं पाणी. पण ऑक्सिजन तर जोडीनं येतो. "एक वाटाणा उरून राहिला ना वं! घालून देऊ याच्यातच?" तू विचारलंस. तिसऱ्यांदा तेच विचारलंस तेव्हा मी वैतागून म्हणाले, "इतकं सोपं तुले काऊन समजत नाही?"

तू ताट बाजूला सारलंस. "तू चालाले शिकत होती, पडत होती, तवा मी असं म्हटलं का तुले?"

दुसऱ्या दिवशी मीच ताट मांडलं. म्हटलं, माय, त्याच्यात घातलं तर ते पाणीच राहत नाही, दुसरंच काही बनते. सूत्राला हात लावायचा नाही, रेणू वाढवायचे. तू उरलेला वाटाणा उचललास. मग म्हणालीस, "म्हंजे पोट्टे वाढले तं ताटं वाढवाचे. एका ताटात दोघाले नाही बसवाचं." आणि पाण्याचे दोन रेणू मांडलेस. हायड्रोजन कमी पडतोय हे दिसताच डावीकडे आणखी दोन तांदूळ ठेवलेस, मी न सांगता. तुझा तो चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

पेपरात लोखंड गंजण्याचं समीकरण आलं. संध्याकाळी घरी तू विचारलंस, "चार लोखंड, तीन ऑक्सिजन, मंग इकडं दोन गंज. बराबर ना?" मी म्हटलं, बरोबर, मीही तेच लिहिलं. निकाल लागला, दोघी पास झालो, तू शाळेत सगळ्यांना पेढे वाटलेस.

माय, मी तेच लिहिलं नव्हतं. माझं चुकलं होतं.