एटापल्लीतलं पहिलं काउंटरमुक्त दुकान

३ फेब्रुवारी
काल नागपूरला दुकानांच्या फर्निचरचं प्रदर्शन पाहिलं. डोळे उघडले. इतकी वर्षं मी गडचिरोलीत रॅक आणि शोकेस ठोकत बसलो, आणि जग कुठल्या कुठे गेलं. टाय लावलेल्या वक्त्याने स्पष्ट सांगितलं, काउंटरचे दिवस संपले. काउंटर म्हणजे गिऱ्हाईक आणि माल यांच्यामधली भिंत. आता ओपन डिस्प्ले, काचेचा दरवाजा, छुपे लाइट. आणि या धंद्यातली खरी वाढ छोट्या गावांत होणार. छोटं गाव म्हणजे त्याच्या मते अमरावती. मी आणखी पुढचा विचार केला.
संकल्प: यापुढे एकही काउंटर बनवणार नाही.

४ फेब्रुवारी
'अकरम फर्निचर'चं नाव बदलून 'अकरम रिटेल सोल्युशन्स' केलं. मलिकाला मार्केटचा आउटलुक समजावला. ती म्हणाली, नाव बदललं ते ठीक, पण पाटलांच्या मेडिकलचं ड्रॉवर महिनाभर अडकलंय, ते आधी काढून दे. माझ्या बायकोकडे सगळं आहे, फक्त व्हिजन नाही.

९ फेब्रुवारी
पहिली क्लायंट मिळाली! एटापल्लीच्या इंदुताई. कापडाचं दुकान, नवरा गेल्यापासून एकट्याच चालवतात. त्यांना एक तुटलेली फळी बदलून हवी होती. मी दुपारभर बोललो. शेवटी त्या म्हणाल्या, करा बा तुमच्या मनासारखं. मग एकच विचारलं, "लग्नसराईच्या आत होईन ना, भाऊ? माह्यं सालभराचं त्याच्यावरच असते."
मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

२ मार्च
दरवाजाची काच आलापल्लीच्या पुढे रस्त्यात फुटली. यात चूक माझी नाही, टेम्पोच्या सस्पेन्शनची. दुसरी मागवली. दुकान बंदच आहे. ताई रोज फोन करतात. क्लायंटचा उत्साह म्हणतात तो हाच.

२४ मार्च
उद्घाटन. अप्रतिम! काच, पांढरा उजेड, एसी, भिंतीवर निळी पट्टी. साड्या मोजक्या, मोकळी जागा भरपूर. बाकीचा माल ताईंच्या घरी हलवला, कारण गठ्ठे दिसले की लुक बिघडतो. दिवसभरात एकही साडी विकली गेली नाही. लोक बाहेरूनच बघून गेले. दबले असणार.

२७ मार्च
फुटफॉल! सकाळपासून रांग. लोक चपला बाहेर काढून आत येतात, हळू आवाजात बोलतात, एसीखाली शिस्तीत उभे राहतात. इतका मान नागपूरच्या शोरूमलाही मिळत नसेल. विक्री अजून नाही, पण आधी गर्दी, मग विक्री, असा क्रम आहे.

२८ मार्च
ताईंचा फोन. रांगेतल्या झिंगू नावाच्या म्हाताऱ्याने त्यांच्यापुढे पासबुक धरलं आणि मॅनेजर साहेब कधी येतात ते विचारलं. बाबा, हे कापडाचं दुकान आहे, असं त्यांनी सांगितलं, तर पटेना. म्हणून एक साडी उघडून दाखवली. त्याला वाटलं योजनेतून मिळून राह्यली. अंगठा कुठे लावायचा, असं विचारत होता.
निष्कर्ष: बोर्डावरची अक्षरं लहान झाली.

२ एप्रिल
बोर्डावर साडी नेसलेल्या बाईचं मोठं चित्र लावलं. आता बचत गटाच्या बायकाही पासबुकं घेऊन येतात.

६ एप्रिल
आज स्वतः गेलो. ताई चिडतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. त्या चिडल्या नाहीत. मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, बाया येत, काउंटरवर कोपर टेकत, सासूचं सांगत, जावेचं सांगत, मंग लुगडं घेत. आता कोपर कुठी टेकावं त्याहीनं?"
यावर नागपूरच्या वक्त्याने काही सांगितलं नव्हतं. मार्केट मॅच्युअर व्हायला वेळ लागतो, असं मी म्हटलं. समोरच्या रस्त्यावरून नवरीकडची माणसं भरलेली जीप गेली, थांबली नाही. ताई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.
घरी आल्यावर जेवण गेलं नाही. ऊन फार आहे सध्या.

११ एप्रिल
मोठी बातमी. गावात बँकेचे व्यवहार करून देणारा लालसू मडावी ताईंचं दुकान भाड्याने घेतोय. म्हणतो, लोक तसेही इथीच येऊन राह्यले. आतला एक स्क्रूसुद्धा बदलायची गरज नाही म्हणाला. म्हणजे डिझाइन शंभर टक्के यशस्वी. फक्त सेक्टर चुकला.

१९ एप्रिल
मलिका म्हणाली, तू त्या बाईचं दुकान घालवलंस, निदान तिच्याकडून एक साडी तरी घेऊ. तिला घेऊन एटापल्लीला गेलो. मनात शब्द जुळवत होतो.
ताईंनी सगळा माल घराच्या ओसरीत मांडलेला. दोन बाजांवर गठ्ठे, खाली सतरंजी, सतरंजीवर बायाच बाया. एक नवरी, तिची आई, मावश्या, सगळ्या एकदम बोलत होत्या. कोणी उशीला टेकलेली, कोणी भिंतीला. ताई मधोमध बसून साड्या उलगडत होत्या, हसत होत्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मलिकाने चपला काढल्या आणि सरळ आत जाऊन बसकण मारली.
मी दारात उभं राहून निरीक्षण केलं आणि एकदम लक्षात आलं. हे तर पॉप-अप रिटेल, म्हणजे कुठेही मांडायचं तात्पुरतं दुकान! पुढच्या वर्षीचा सगळ्यात मोठा ट्रेंड. ताईंना ते समजावून सांगावं म्हणून मी घसा खाकरला.
ताईंनी मान वर केली. "भाऊ, दारातून जरासे बाजूले सरका. रंग दिसून नाई राह्यला."
मी सरकलो.