हडळीची दृष्ट

सातारा, १९७७

विजयमाले, पोरी,

ज्या भुताच्या कादंबरीविरुद्ध मी गावोगाव भाषणं ठोकली, तिचं नाटक काल टेलिव्हिजनवर झालं आणि त्यातली हडळ तू होतीस. तू मुंबईला नाटकात गेल्यापासून तुझ्या आईनं तुझं नाव टाकलं होतं. तरी पीरमहंमदच्या घरी सगळी आळी जमली, तेव्हा तीही दाराशी येऊन उभी राहिली.

तू केस मोकळे सोडून विहिरीतून वर आलीस आणि पुढं बसलेली पोरं मागं सरकली. पीरमहंमदची बायको मेहरुनबी तुझ्या आईला म्हणाली, "शालूबाई, म्या तर डोळंच झाकलं. पोर लय भारी हाय तुमची."

नाटक संपताच तुझ्या आईनं मीठ, मोहऱ्या, मिरच्या मागितल्या. टेलिव्हिजनवर बातम्या लागल्या होत्या. तिनं त्याच काचेवरून मूठ ओवाळली. "माज्या विजूला लागलेली आळीची नजर जळू दे," म्हणत सगळं शेगडीत टाकलं.

मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट मोठी होती असं ती मानते. माझा घसा पेटला होता. जन्मभर या खुळाविरुद्ध बोललेला मी, तोंडात उपरणं कोंबून बसलो. मेहरुनबीनंही तोंडावर पदर दाबून धरला होता.

"बगा, कुणी खोकलं न्हाई," तुझी आई समाधानानं म्हणाली. "लय नजर लागली हुती पोरीला."

रविवारी विश्रामबागेत दृष्टीच्या खुळावर माझं भाषण आहे, म्हणून हे पत्र पेटीत पडणार नाही. दुसरं धाडतो. त्यात एवढंच असेल, की आई विचारते, घरी कधी येतेस?

अजून खोकत असलेला,
तुझा आबा