चल रोविक, घरी चल

२ फेब्रुवारी, रविवार

पोहोचले एकदाची! मस्कतहून बसमध्ये बसून बसून पाठीचा पार भुगा झाला. पण मारिविक बाळाला कडेवर घेऊन दारात उभी दिसली आणि पाठ कुठे आहे तेच विसरले. माझा नातू! नऊ महिन्यांचा, गुबगुबीत आणि कमालीचा रडका. मला पाहिलं आणि असं भोकाड पसरलं की शेजारच्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. रडून रडून शेवटी एक बारीक उचकी देतो. ती ऐकूनच त्याचा पापा घ्यावासा वाटतो.

बापाचं रोडेल, आईचं मारिविक. दोन्ही नावं अर्धी अर्धी जोडून याचं नाव ठेवलंय रोविक. आम्हा फिलिपिनो लोकांत हे चालायचंच. माझ्या बहिणीच्या मुलाच्या नावाला तर तीन तुकडे आहेत, बिचाऱ्याला स्वतःला ते नीट लिहिता येत नाही.

परक्यांच्या मुलांना रांधून घालण्यात माझी मस्कतमधली हयात गेली. आता ठरवलंय, उरलेलं आयुष्य स्वतःच्या नातवाला भरवायचं. मारिविक इथल्या दवाखान्यात नर्स आहे, जावई तेलाच्या विहिरींवर यंत्रं दुरुस्त करतो. घर गावाच्या अगदी टोकाला. मागची भिंत संपली की वाळू सुरू. रोडेल म्हणतो कसा, नानाय, तुम्हाला समुद्रकाठचं घर हवं होतं ना, घ्या! किनारा आलाय, फक्त पाणी यायचं राहिलंय. जिभेचा तिखट आहे, पण चिंचेचं आंबट सूप मात्र दोनदा मागून घेतलं.

वहीच्या पहिल्या पानावर नाव घातलंय, सोलेदाद. स्वतःलाच ओळखू येईना. नवरा गेल्यापासून या नावानं कुणी हाक मारलेली नाही. आता मी सगळ्यांचीच नानाय, सगळ्यांचीच आई.

५ फेब्रुवारी, बुधवार

रुळले. सकाळी बाळाला तेल, अंघोळ, पेज. मग शेजारची उम्म सालीम खजूर आणि कॉफी घेऊन येते. तिची अरबी आणि माझी स्वयंपाकघरातली अरबी, दोघींचं छान जमतं. ती रोविकला मांडीवरून खाली ठेवतच नाही. म्हणते, याला अजान देणारा मुअज्जिन करा, अख्ख्या गावाला लाउडस्पीकर लागायचा नाही.

संध्याकाळी मारिविकबरोबर दुकानात गेले होते. निघताना माझ्या सवयीनं दारात थांबून मोठ्यानं हाक दिली, चल रोविक, घरी चल! मारिविकचा चेहरा लाल झाला. म्हणाली, नानाय, अगं सगळे बघताहेत, हळू तरी बोल. म्हटलं, बघू देत. तुलाही मी अशाच हाका मारून वाढवलंय. लहान मुलाचा जीव सैल टाक्यांनी शिवलेला असतो. एखाद्या जागी रमला की तिथेच राहतो, आणि आपण नुसतं अंग उचलून घरी आणतो. म्हणून निघताना नावानं बोलवायचं असतं. माझी आई हेच करायची, तिची आई हेच करायची. मारिविक म्हणाली, हो गं बाई, पण त्यांच्या गावात दुकानदार असा टक लावून बघत नसेल!

हसलो दोघी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मारिविकच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंबरोबर सहल. वाळूत आत, एका जुन्या घाफच्या झाडाखाली. कोंबडी भाजली, मी भरपूर भाज्या घालून शेवया केल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी बोटं चाटली. मारिविकची छाती फुगली होती, इथली नोकरी पक्की व्हायची आहे तिची.

रोविक झाडाच्या बुंध्याशी बसून वाळू उधळत होता. मध्येच खुदकन हसायचा, माझ्या खांद्यामागे बघून. मागे वळले तर कुणी नव्हतं.

मग वारा सुटला. डोळ्यादेखत आकाश पिवळं झालं. भांडी, सतरंजी, मूल, जे हाताला लागलं ते उचलून गाडीकडे धावलो. दारापाशी मी वळले, हाक मारायला तोंड उघडलं, आणि मारिविकनं माझं कोपर घट्ट धरलं. कानात म्हणाली, नानाय, आज नको. डॉक्टरांसमोर तरी नको, पाया पडते.

मी तोंड मिटलं. मनातल्या मनात म्हटलं. मनातलंही पोचतच असेल.

परतताना रोविक एकदाही रडला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किती गुणी बाळ!

९ फेब्रुवारी, रविवार

अजून रडलेला नाही. मारिविकला बाळंतपणानंतर पहिल्यांदा पुरती झोप मिळाली. गाणं म्हणत कामावर गेली. तिला काय सांगू?

दूध दिलं तर पितो, नाही दिलं तर मागत नाही. अंघोळ घातली तर टबच्या तळाशी बारीक वाळू. पाणी बदललं. पुन्हा वाळू. परत बदललं, परत वाळू. कुठून निघते?

उम्म सालीम आली. दारातूनच रोविककडे पाहिलं, आणि हलव्याची ताटली उंबऱ्यावर ठेवून बिस्मिल्ला म्हणत मागे सरली. गेली ती चपला इथेच टाकून, अनवाणी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी रडणं ऐकू आलं. मेल्या, रडलास एकदाचा, असं म्हणत पाळण्याकडे धावले. पाळण्यात रोविक उताणा, गप्प. डोळे उघडे. एक माशी डोळ्याच्या बाहुलीवरून चालत गेली. पापणी हलली नाही.

रडणं मागच्या भिंतीपलीकडून येत होतं. वाळूतून. शेवटी बारीक उचकी.

मारिविकनं डॉक्टरांना दाखवलं. वजन उत्तम, छाती उत्तम, मूल उत्तम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणे, आजीला विश्रांतीची गरज आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आईनं शिकवलं होतं तसं मेणबत्ती पेटवून परातीतल्या पाण्यात मेण ओघळवलं. मेण पसरलं ते एका झाडासारखं. खोड, फांद्या. आणि बुंध्याशी एक थेंब, वेगळाच. कितीदा ढवळलं तरी तसाच जमायचा.

मारिविकनं पाहिलं. परात उचलून मोरीत ओतली. म्हणाली, हे माझ्या लेकराच्या घरात चालणार नाही. शनिवारच्या बसनं मला परत पाठवणार आहे.

शनिवार. मग त्याला कोण आणणार?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रडणं क्षीण झालंय. आज नुसती उचकीच. तिथे त्याला कोण पाजतंय? सावली तरी मिळत असेल का?

मी भिंतीशी बसून हाका मारल्या. इथून पोचत नाहीत.

रोडेल मागून आला. मला वाटलं थट्टा करील. तो खाली बसला. म्हणाला, नानाय, मलाही ऐकू येतं. मी स्वतःला सांगत होतो, शेळी आहे, शेळी आहे. आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मारिविकला सांगू नका म्हणाला.

उद्या ती कामावर गेली की निघायचं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आणला! आणला माझा राजा!

ते झाड. वारा नाही, पान हलत नव्हतं. ते पोर मांडीवर दगडासारखं जड. मी हाका मारल्या, घसा फाटेपर्यंत. चल रोविक, घरी चल. काही नाही. पुन्हा मारल्या. मग बुंध्याखालून, वाळूच्या आतून, उचकी. जवळ आली. अगदी पायाशी. मांडीवरचं ओझं एकदम हलकं झालं, आणि मग त्यानं असा टाहो फोडला! माझी सगळी पापं धुऊन निघाली. झगा ओला केला माझा!

मीही या वेळी कसर ठेवली नाही. चल रोविक, घरी चल. चल रोडेल, घरी चल, जावई झाला म्हणून काय झालं. तोवर वारा उठला. रोडेलनं हॉर्न दाबून धरला, ओरडला, नानाय, बसा लवकर!

बसले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रोविकचं रडणं ऐकून मारिविकनं बस रद्द केली. म्हणाली, चुकले गं नानाय. गळ्यात पडली. तिच्या अंगाची ऊब लागली नाही.

रोविक दिवसभर रडतोय. मी घेतलं की जास्तच. धनुष्यासारखा वाकून माझ्यापासून लांब जातो.

उकळता चहा प्याले. भाजलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

भातात वाळू. तोंडात वाळू — धुतली तरी —

मारिविक म्हणते, नानाय, किती शांत झालीस आता. रोडेल माझ्याकडे बघतो आणि मान वळवतो.

भिंतीपलीकडे कुणी म्हातारी रडतेय. आवाज ओळखीचा. माझा.

१७ फेब्रुवारी

म्हाताऱ्यांचाही सैल असतो. टाके झिजलेले — हे कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यांना बोलावलं मी. मला कुणी — नानाय म्हणाला तो. नानाय म्हणजे कुणीही. प्रत्येकाची असते.

बोलायचंय, तोंड उघडत नाही. फक्त हात. तोही —

१८

मारिविक कामावर. त्याला माझ्याकडे देऊन गेली. हसून.

हे हात त्याला आवळतात. सोड म्हणते, सोडत नाहीत. रोडेल आला, हिसकावून घेतला म्हणून —

उद्या तो नसेल.

मारिविक, हे वाच. बाळ माझ्याजवळ ठेवू नकोस. खोलीला बाहेरून कडी घाल. मग झाडाशी जा. लाजू नकोस गं, कुणी असलं तरी — मोठ्यानं. नानाय म्हणू नकोस, नावानं. पहिल्या पानावर आहे, पण पान — त्यांनी पान फाडलं, माझ्याच हातांनी. तुला माहीत आहे ना? आठव. तुझे बाबा मारायचे ती हाक. चल सोले