शेवटच्या खांबाजवळची जागा

गुरुजी, तुम्हाला बसवून पुरलं, ही गोष्ट माझ्या मनातून काही जात नाही. आमच्यात मेलेल्या माणसाला निदान आडवं होण्याची मुभा असते. तुमच्या लिंगायत वाण्यांत तीही नाही. मांडी घालून, कपाळी विभूती, हातात गळ्यातलं लिंग. पाथरीला तुमच्या भावाच्या शेतात मी ते पाहिलं तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं, आणि मनात पहिला विचार आला तो असा की आता हे सत्तावीसचा पाढा विचारणार. माती छातीपर्यंत चढली तरी तुमची मान ताठच होती. वर्गात असायची तशी. फरक एवढाच, की या वेळी तुमचं तोंड आमच्याकडं होतं.

वर्गात ते कधी नसायचं. आपली शाळा भरायची महादेवाच्या सभामंडपात. निजाम सरकारच्या कागदावर तो मदरसा, गावाच्या तोंडी शाळा, आणि नंदीच्या दृष्टीनं अतिक्रमण. भर उन्हाळ्यातही तिथली फरशी गार असायची आणि शेवटच्या खांबाच्या पलीकडं दुपारीसुद्धा अंधार बसलेला असायचा. संध्याकाळी शाळा सुटायच्या आधी उजळणी. सगळी पोरं एका सुरात पाढे म्हणतात, आणि तुम्ही गाभाऱ्याकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून बसता. देवाला पाठ दाखवू नये, असं तुम्ही गावाला सांगितलं होतं, आणि गावानं ते कौतुकानं ऐकलं होतं. खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. तुमच्या डोळ्यांत पांढरं उतरत चाललं होतं, आणि पाठमोऱ्या माणसाला दिसतं का, असं कुणी विचारत नाही. खडू शोधताना तुमचा हात जमिनीवर चाचपडायला लागला की जवळचं पोर तो खडू हळूच तुमच्या बोटांशी सरकवायचं. एवढी एकी आम्ही चिंचा पाडतानाही दाखवली नाही. परभणीच्या तपासणीच्या साहेबांना कळलं तर नोकरी जाणार, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नव्हतं. तुम्हाला बायको नव्हती, लेकरू नव्हतं. आम्ही होतो.

पाठमोरे असूनही तुम्हाला कोण गप्प आहे, कोण नुसते ओठ हलवतोय, सगळं कळायचं. मला एकदा म्हणालात, "भटाच्या, पाढे म्हणायलास का महादेवाला दमदाटी करायलास? त्येला ऐकू येतंय, हळू म्हण." आणि माझ्या शेजारी, शेवटच्या खांबाला टेकून, तेल्याचा मुलगा बसायचा. तो सगळ्यांच्या किंचित मागं असायचा. साऱ्या वर्गाचं "सत्तावीस दाहे दोनशे सत्तर" म्हणून झालं की त्याचं एकट्याचं "सत्तर" मंडपात घुमायचं. तुम्ही न वळता म्हणायचात, "आलं का शेपूट? बसा आता." मग वर्ग हसायचा, आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही पाथरीला गेलात आणि गावात पटकीची साथ आली. तिनं तेल्याचा मुलगा एका दिवसात नेला. त्याच्या आईबापांनी बिऱ्हाड उचललं आणि राणीसावरगावला मामाच्या आसऱ्याला गेले. आपल्याकडं मरीआईनं नेलेल्याचं नाव काढत नाहीत, आषाढात तिचा गाडा शिवेबाहेर लावीपर्यंत. नाव काढलं तर ती मागं वळून बघते म्हणतात. मृगाला शाळा उघडली, तुम्ही आलात, मोठी माणसं पेरणीत, आणि आमच्या तोंडाला घरोघर कुलूप घातलेलं. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. त्याची जागा तेवढी मोकळी राहिली. पाऊस आत यायला लागल्यावर पोरं एकमेकांच्या मांडीवर बसली, पण तिथं कुणी सरकलं नाही. तुम्हाला ते दिसणार नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी उजळणी संपली. मंडप शांत झाला. तुम्ही थोडं थांबलात आणि म्हणालात, "आलं का शेपूट? बसा आता."

या वेळी कुणी हसलं नाही. आम्हाला वाटलं, सवयीनं म्हणाले असतील. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तुम्ही कान जरा कलता केलात, आणि मला बाजूनं दिसलं, तुम्ही हसत होता. ओळखीच्या पोराकडं बघून हसतात, तसं. मग एके दिवशी म्हणालात, "सुटीत सुधारलास की रे. आता लय मागं न्हाई ऱ्हात." आणि पुढं काही दिवसांनी, अगदी खुशीत, "वा! आज बरोबर आलास सगळ्यांच्या." गुरुजी, त्या दिवशी आम्ही घरी पळत गेलो. तोवर जे काही होतं ते निदान आमच्या मागून येत होतं. आता ते आमच्यात होतं. उद्यापासून एका सुरात म्हणायचं, आणि त्या सुरात कोण कोण आहे ते कळणार नाही. त्यावर उपाय म्हणून आम्ही ओरडायला लागलो. दुसरं काही कानावर पडायला जागाच ठेवायची नाही, असं. तुम्ही समजलात, पोरांना पाढ्यांची गोडी लागली.

तपासणीचे साहेब बैलांच्या दमणीतून उतरले ते याच दिवसांत, गाडा शिवेबाहेर जायच्या आधी. काळी शेरवानी, लाल टोपी, पावसानं वैतागलेले. त्यांनी उजळणी ऐकली, आमच्या आवाजानं कानावर हात ठेवला आणि विचारलं, "मास्तरसाब, आज गैरहाजिर कौन है?"

तुम्ही पाठमोरेच, मोठ्या अभिमानानं म्हणालात, "कुणीच नाही साहेब. सगळे हजर."

साहेब मोकळ्या जागेकडं बघत होते. "फिर ये जगह किसकी है?"

पाटलाचा धाकटा, ज्याला मरीआईचीसुद्धा भीती नव्हती, तो बोलून गेला. "तेल्याच्या पोराची. त्ये मेलंय साहेब. सुटीतच मेलंय."

तुम्ही वळलात. आम्हाला तुमचं तोंड दिसलं, आणि आमच्यातली लहान पोरं रडायला लागली. तुमचा हात छातीवरच्या लिंगावर होता आणि तुमचे पांढुरके डोळे अगदी नेमके त्या खांबापाशी लागले होते. चाचपडत नव्हते. मला तर वाटलं, कैक वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी स्वच्छ दिसतंय.

साहेबांनी पोरांना सोडून दिलं. मी मात्र थांबलो, कारण तुमची पिशवी धरण्याच्या निमित्तानं तुम्हाला घरी पोचवायचं काम माझं होतं. साहेब तुमच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आंखों का तो मैं पिछले साल ही समझ गया था. आपने मुझे छोड़ के खंबे को सलाम किया था." आणि पुढं म्हणाले, "मैंने किसी से नहीं कहा. आगे भी नहीं कहूंगा. आप पढ़ाते रहिए." ज्या नोकरीसाठी आम्ही एवढे खडू सरकवले, ती अशी एका वाक्यात वाचली. मला उड्या माराव्याशा वाटल्या. तुम्ही नुसते हात जोडलेत. या वेळी साहेबांनाच.

वाटेत चिखल होता. ओढ्यापाशी तुम्ही माझा खांदा धरून थांबलात. "तू त्येच्या बाजूलाच बसतूस. खरं सांग. त्येचा आवाज तू ऐकलास का न्हाई?"

"न्हाई, गुरुजी."

"कधीच?"

"कधीच न्हाई."

ते खरंच होतं. तुम्ही माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतलात. मग म्हणालात, "डोळे गेले तरी भागत हुतं रे. कोण जित्तं, कोण मेलं, एवढं कान सांगायचे. आता त्ये बी फितूर झाले. लेकरांत बसून कुणाला काय शिकवायलोय, तेच कळंना." सकाळी तुम्ही शाळेत आला नाहीत. पाथरीच्या वाटेला लागला होता. सरकारनं ठेवलं, साहेबांनी ठेवलं, आणि माझ्या एका 'न्हाई'नं तुम्ही गेलात.

पुढं गाव रझाकारांच्या धामधुमीत पांगलं. मी पाठशाळेत दर्भावर बसून संस्कृत घोकलं, आणि आता परभणीच्या एका हायस्कुलात तेच पोरांना घोकायला लावतो. आत्मा म्हणजे काय, हे मला पुष्कळ शास्त्रांतून सांगता येतं. पोरं जांभया देतात, तेही बरोबरच आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही. पाथरीच्या त्या शेतात पोस्टमन जात नाही, आणि गेला तरी तुम्हाला वाचून कोण दाखवणार?

एक मात्र सांगायचं राहिलं. माझ्या वर्गात मी शब्दरूपं कधीही सगळ्यांना एकत्र म्हणू देत नाही. एकेकाला उभं करतो, त्याचं झालं की दुसरा. तपासायला येणारे साहेब याला नवी पद्धत म्हणतात आणि इतर मास्तरांना माझा दाखला देतात. मी मान डोलावतो. खरी गोष्ट अशी आहे की सगळी पोरं एका सुरात म्हणायला लागली तर त्या सुरात कोण कोण असेल, ते ऐकायची माझी अजून छाती होत नाही.