बाटलीवरचा नंबर

आई, गेल्या रविवारी मी मुळगावला एका अनोळखी घरी जाऊन आले. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तुला जाऊन बारा वर्षं झाली. मला लिहायची सवय नाही. ऑफिसात मी जे लिहिते ते संगणकावरच्या चौकटींत लिहिते, आणि तिथे दोन ओळींपेक्षा जास्त जागा नसते.

तू तुयेच्या दारूच्या कारखान्यात लाइटीवर बसायचीस, ते मला अजून दिसतं. पांढऱ्या उजेडाच्या पाटीसमोरून भरलेल्या बाटल्या सरकत जातात. ज्या बाटलीत केस, कण, काचेचा कपचा दिसेल ती तू उचलून बाजूला ठेवतेस. घरी आलीस की खिडकीजवळ डोळे मिटून बसायचीस. मी विचारलं की म्हणायचीस, "थांब गो जरा, बाटल्यो अजून चलतत." पापण्यांखाली तुझी बुबुळं खरंच डावीकडून उजवीकडे हलत असायची. बाबा तुझी थट्टा करायचे. दुपारीच क्वार्टर उघडून मला दाखवायचे, "तुझ्या आवशीन पास केलेली बाटली ही. हिच्यात खोट काय असतली?" तू हसायचीस. सुरुवातीला खरंच हसायचीस.

मी आठवीत असताना डिचोलीच्या एका बारमध्ये तुमच्या बंद बाटलीत मुंगी निघाली. मॅनेजर स्वतः गाडी घेऊन गेले, बारवाल्यापुढे हात जोडले, नवा बॉक्स देऊन आले. दुसऱ्या दिवशी तुला मेमो मिळाला. त्याच आठवड्यात बाबांचे डोळे पिवळे झाले होते, पोट फुगलं होतं आणि ते बाकावरून उठत नव्हते. संध्याकाळी आडाळ्यावर नारळ खवताना तू मला सगळं सांगितलंस, खाली मान घालून. तुझा सुपरवायझर कोल्हापूरकडचा होता. त्याला तू म्हणालीस, "सायब, एका मुंगयेसाठी तुम्ही डिचोलीपर्यंत गेलात. माझो घोव हीच पिऊन घरात पडलो हा. पेडण्यापर्यंत येशात? दोन शब्द सांगशात तेका? माझा नाय आयकणा, कंपनीचा आयकात." तो वाईट माणूस नव्हता. त्याने तुला चहा मागवला आणि म्हणाला, "मावशी, बाटलीत काय निघालं तर ते आमचं. बाटलीतलं कुणाच्या पोटात गेलं की ते आमचं नव्हं. आम्ही काय कुणाच्या तोंडात वततोय व्हय?" मी रागाने म्हटलं, "सोड ती नोकरी." तू खवणं थांबवलंस. "आणि उद्या जेवतलंस काय?" एवढंच म्हणालीस, पण मला ते लागलं. बाबा त्याच पावसाळ्यात गेले. कंपनीने हार पाठवला होता. तेराव्यानंतर तू परत लाइटीवर.

आता मी त्याच कंपनीत तक्रारी बघते. लेबलवर छापलेला नंबर माझ्या टेबलावर वाजतो. गळती, कमी भरलेली बाटली, झाकण, लेबल, आत काही सापडणं, अशा माझ्या चौकटी आहेत. दोन आठवड्यांपूर्वी सकाळी एका बाईचा फोन आला, मुळगावहून. मी सवयीने विचारलं, "बाटलीत काय निघालं?"

"बाटलीत काय नाय गो बाय. बाटली बरी आसा. माझो घोव बरो नाय."

मी चौकट शोधत होते. तीच पुढे म्हणाली, "बाटलीवर तुमचोच नंबर आसा. दुसऱ्या कोणाचो नाय. मग कोणाक फोन करू?"

मी तिचा पत्ता लिहून घेतला आणि साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हे आपल्यात येत नाही. आरोग्यास हानिकारक असं लेबलवर छापलंय ना? आपलं काम झालं. 'लागू नाही' टाक आणि बंद कर." मी टाकलं आणि बंद केलं.

पण पत्ता माझ्याकडे राहून गेला. रविवारी स्कूटर काढली. वाटेत जत्रेची कमान होती आणि तिच्यावर आमच्या कंपनीच्या सोड्याची जाहिरात. आई, मी इथे नऊ वर्षं आहे, पण सोड्याची एक बाटलीसुद्धा कधी बघितली नाही.

बाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मी फोनवरची, हे कळल्यावर तिने हात पुसले आणि विचारलं, "कंपनीन धाडली तुका?"

मी हो म्हटलं.

ती आत वळून ओरडली, "आयकलंत? कंपनीचा माणूस इला घरापर्यंत! आता माझा नको, त्यांचा आयका." तो माणूस उठून बसला. पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा. शर्टाची बटणं लावायचा प्रयत्न करत होता, पण एकही बटण काजात जाईना. मला म्हणाला, "मॅडम, हिणें उगाच तक्रार केली. माल बरो आसा तुमचो." मी म्हटलं, "माल बरा नाही. आमचं म्हणणं आहे की तुम्ही उद्या दवाखान्यात जा. डॉक्टरना विचारल्याशिवाय पिणं एकदम बंद करू नका, पण जा." मी 'आमचं' म्हणाले. तो मान हलवत राहिला, शाळेत बाई रागावल्यावर पोर हलवतं तशी.

सोमवारी तो दवाखान्यात गेला. काल बाईचा फोन आला होता, कंपनी परत कधी येणार म्हणून. रविवारी, असं मी सांगितलं. साहेबांना यातलं काही माहीत नाही, आणि ही पानं त्यांच्यापर्यंत पोचवणारं कोणी नाही, म्हणून लिहिते. त्या अंगणात 'हो' म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. थोडा वेळ, बाई आत वळेपर्यंत, मला कंपनीचा अभिमान वाटला.