राईचा कौल

शनि. १ नोव्हें.
संध्याकाळी गावाची बैठक. गोदामवाल्याला कंटेनरसाठी रस्ता हवा, तो गावदेवीच्या राईतून. बदल्यात देवीला संगमरवरी देऊळ बांधून देणार. कुणी फार विरोध केला नाही. मीही नाही. मंगळवारी देवीला कौल लावायचं ठरलं. कळ्या लावायचा मान आमच्या घराचा, म्हणजे माझा.
घरी आल्यावर हिनं एवढंच विचारलं, "मंग मी चालू कुठं?" दम्यासाठी डॉक्टरांनी रोज सकाळी झाडांत चालायला सांगितलंय. गावात राईशिवाय मोकळी जागा राहिली नाही. बाकी सगळी गोदामं.

मंगळ. ४
कौल झाला. तगरीच्या दोन कळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली, म्हणजे होकार. पंच म्हणाले, "आईनंच हो सांगितलं. आता कोन काय बोलनार?" नारळ फुटला.
उजवी कळी मी नीट भिजवली नव्हती. घाई होती म्हणावं, तर तसंही नाही. डोळ्यांसमोर देऊळ होतं. पांढरं, पायऱ्यांचं. माझी आई देवीच्या उघड्यावरच्या दगडासमोर उन्हापावसात उभी राहायची, ते मनात होतं.

सोम. १०
निम्मी राई गेली. करवतीचा आवाज घरात येतो. ही रस्त्याच्या कडेनं चालायला गेली, ट्रेलरच्या धुळीनं अर्ध्यातून परत. पंप दोनदा घ्यावा लागला. आज पूजेला बसलो, पण देवीकडे वर बघवेना.

शुक्र. १४
हिला रिक्षानं शहरात, धामणकर नाक्याकडच्या बागेत नेलं. जरा सावली, बाकं सगळी भरलेली. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेले लूमवाले झोपलेले. एक म्हातारे चाचा सरकले, "बैठो बहन, इधर हवा आती है." कुठून आलो विचारलं. गाव सांगितल्यावर हसले, "गाववाले शहर में हवा खाने आए?" हीसुद्धा हसली. मला जमलं नाही.

रवि. १६
देवळाचा नकाशा दाखवायला पंच घरी आले. सुरेख आहे. ते गेल्यावर हिला कळीचं सांगितलं. भाजी निवडत होती. हात थांबला नाही. जुडी संपल्यावर म्हणाली, "मला सांगून काय? पंचान्ला सांगा."
म्हटलं, घराण्याचा मान जाईल.
"जाऊ दे. माझा दम जातोय त्याचं काय?"
राईत सात जांभळी उरल्यात. परवा पाडणार.
पंचांच्या ओटीपर्यंत गेलो. चार माणसं नकाशाच बघत होती. "या भाऊ, बसा. तुमच्यामुळंच झाला हे." बसलो नाही. काम आहे म्हणालो न् परत आलो.
सकाळी पंच एकटे असतात. सातपर्यंत.